एकोणीसपैकी एकोणीस

सिल्वेस्त्रासकाका गेल्या बुधवारी सकाळी गेले. शाळेच्या तळघरातली बॉयलरची खोली मी त्यानंतर उघडलेली नाही. किल्ली माझ्याकडेच आहे.

ते आमच्या टॅमरॅक या कोळसाखाणींच्या गावातल्या शाळेत शिपाई होते. मी तिथे इंग्रजी शिकवतो. साहित्याची पदवी घेऊन गावी परतलो, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत मला बसायला जागा नव्हती. म्हणजे खुर्च्या होत्या. पण आयरिश बाया एका टेबलाशी बसत, वेल्श मास्तर दुसऱ्या टेबलाशी, आणि लिथुआनियन मी एकटाच. म्हणून मी डबा घेऊन तळघरात जाऊ लागलो. काका तिथे पालथ्या बादलीवर बसून राय धान्याचा काळा पाव आणि कांदा खात असायचे.

"मास्तर, एवढं शिकून शेवटी खालीच आलास की," ते पहिल्या दिवशी म्हणाले. "तुझा बाप तर न शिकताच खाली गेला होता."

दोन वर्षं आम्ही रोज बरोबर जेवलो. ते सत्तावन्न वर्षांचे, मी पंचवीसचा. त्यांना दुसरा मित्र नव्हता. मलाही नव्हता.

ते कधीकाळी पैसे घेऊन बास्केटबॉल खेळायचे, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मला विश्वास बसत नसे. पाठीत वाकलेले, चार पायऱ्या चढले की धापा टाकणारे. एका दुपारी व्यायामशाळा रिकामी होती. मी चेंडू त्यांच्याकडे टाकला. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, रेषेवर उभे राहिले, दोन्ही हातांनी चेंडू गुडघ्यांपर्यंत खाली नेला आणि खालून वर सोडला. कडीला न लागता तो आत गेला. असं दहा वेळा झालं. मग ते खाली बसले आणि बराच वेळ खोकले.

"हात आहेत अजून," ते म्हणाले. "हवा संपलीय."

त्यांच्या काळी खेळ पिंजऱ्यात चालायचा. आमच्या गावात अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये शनिवारी लोखंडी जाळी उभी करत, माणसाच्या दुप्पट उंच, चारी बाजूंनी. चेंडू बाहेर जायचाच नाही, म्हणून खेळ थांबायचा नाही. जाळीवर माणूस आपटला की अंगावर चौकटी उमटत. सामना संपला की जाळी उतरवून कोपऱ्यात लावायची, फरशी पुसायची आणि नाच सुरू. पुसताना रक्तही पुसलं जायचं.

आणि तेव्हा फाऊल झाला की ज्याला धक्का बसला त्यानेच रेषेवरून टोपलीत चेंडू टाकायचा, असं नव्हतं. प्रत्येक संघाचा एक नेमबाज ठरलेला असे. संघाचे सगळे फाऊल तोच टाके. टॅमरॅकचे नेमबाज काका होते. ते धावायला मंद होते. उडी तर अजिबात नव्हती. पण धक्काबुक्कीच्या त्या खेळात एका सामन्यात वीस-वीस फाऊल व्हायचे आणि पळून केलेले गोल मोजून सात-आठ. म्हणजे सामना काकांच्या हातात असे.

संघाचा मालक हॅगर्टी नावाचा आयरिश माणूस होता. त्याची खानावळ होती. तो काकांना म्हणायचा, "तू धावू नकोस, सिल्वे. तू धावायला लागलास की मला रडू येतं. तू नुसता उभा राहा."

काका नुसते उभे राहायचे. नेम धरण्याआधी क्रूसाची खूण करायचे, म्हणून लोक त्यांना पाद्री म्हणत. परगावी गेलं की जाळीबाहेरून ओरडा सुरू व्हायचा. "पाद्रीबुवा, प्रसाद कधी?" "पाद्री, तुझी बायको माझ्याकडे कबुलीजबाब द्यायला येते!" बायका टोपीच्या पिना जाळीतून टोचायच्या. खाणवाले कपाळावरच्या दिव्याच्या ज्योतीवर खिळे तापवून पायांवर फेकायचे. काकांच्या पोटऱ्यांवर तसे बारीक डाग होते. मी पाहिलेत.

"मग हलायचा नाहीत?"

"हललो तर चुकणार. चुकलो तर हॅगर्टी दुसरा आणणार. खिळा काय, थंड होतो."

पण नेमबाजाचं एक बोट गेलं की नेमबाज गेला. आणि टॅमरॅकमध्ये बोटं खाणीतच जायची. हॅगर्टी फक्त सामन्याचे पैसे द्यायचा, तेही हिवाळ्यात. त्यावर घर चालत नव्हतं. काका सात नंबरच्या खाणीत कामाला होते. खाणीतली आपली जागा, म्हणजे जिथला कोळसा आपण फोडायचा ती खोली, टिकवायची तर खाडा करून चालत नसे. महिन्यात दोन खाडे झाले की जागा दुसऱ्याची. सामन्याच्या दिवशी मात्र काकांना हात जपायचे असत. दिवसभर घण मारलेल्या हाताला संध्याकाळी नेम धरता येत नाही.

यावर तोडगा काढला तो त्यांच्या धाकट्या भावाने. अल्बिनास त्याचं नाव.

अल्बिनास रात्री बेकरीत भट्टीवर असायचा. लग्न होईपर्यंत तोही खाणीत होता. त्याची बायको मोर्ता. तिचा बाप आणि भाऊ दोघेही सात नंबरमध्ये गाडले गेले होते, वर आलेच नाहीत. लग्नाआधी तिने अल्बिनासला चर्चमध्ये नेलं आणि वेदीच्या कापडावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली की पुन्हा खाली जाणार नाही. त्याने घेतली.

आणि सामन्याच्या दिवशी तो भावाचा बिल्ला खिशात घालून खाली जायचा.

खाणीत नावाला किंमत नव्हती. पितळी बिल्ल्यावर नंबर असायचा. खाली जाताना तो दाखवायचा, वर आलं की खिळ्याला अडकवायचा. काकांचा नंबर चारशे सतरा. फोरमन वेल्श होता. त्याला आम्ही लिथुआनियन सगळे सारखेच दिसायचो. तो नंबर बघायचा, तोंड बघायचा नाही.

"तो मला सिल्वे म्हणतो, मी त्याला साहेब म्हणतो," अल्बिनास हसायचा. "दोघंही खोटं बोलतो."

काका सकाळी आईसमोरून खाणीचे बूट घालून, डबा घेऊन निघायचे. हॅगर्टीने दिलेली पिशवी बगलेत. आईला वाटायचं, पोरगा खाणीतून परस्पर गाडीला जातो. दारूच्या भट्टीच्या भिंतीमागे अल्बिनास वाट बघत असायचा. बेकरीतून सुटलेला, केसांत पीठ. तिथे बूट बदलायचे, डबा द्यायचा, बिल्ला द्यायचा. मोर्ताला त्याने सांगितलेलं असायचं की आज बेकरीत दिवसाचंही काम आहे. आईला ठाऊक नाही, मोर्ताला ठाऊक नाही.

काका सांगायचे, "मी त्याला म्हणायचो, अरे झोपतोस कधी? तर म्हणायचा, तू फक्त चुकू नकोस. हात तुझे, पाठ माझी. आपण दोघं मिळून एक खेळाडू आहोत."

हे सांगताना ते पावाचा तुकडा हातात धरून बसायचे. खायचे नाहीत.

तो दिवस एकोणीसशे सतरा सालचा, ईस्टरआधीचा मोठा उपवास सुरू व्हायच्या आदला, सणाचा मंगळवार. सामना कार्व्हरला होता, आगगाडीने तीन तासांवर. त्या संध्याकाळी टॅमरॅकला एकोणीस फाऊल मिळाले आणि काकांनी एकोणीसही आत घातले. त्या हॉलमध्ये तसं आधी कुणी केलं नव्हतं. कार्व्हरचे लोकसुद्धा शेवटी ओरडायचे थांबले. हॅगर्टीने सगळ्यांना मध घालून गरम केलेली दारू पाजली. परतीची गाडी सकाळचीच होती.

त्याच दुपारी सात नंबरमध्ये चारशे सतराच्या खोलीचं छत खाली आलं होतं.

कंपनीची काळी गाडी प्रेत घरी पोचवायची. ज्याचा बिल्ला, त्याचं घर. गाडी काकांच्या आईच्या दारात थांबली. तोंड ओळखण्यासारखं राहिलं नव्हतं. खिशात बिल्ला होता, हातात सिल्वेस्त्रासचा डबा होता, पायात सिल्वेस्त्रासचे बूट होते. शेजारच्या म्हाताऱ्या बायकांनी प्रेत धुतलं. आईला बघू दिलं नाही. पेटीचं झाकण लावलं. समोरच्या घरातून मोर्ता धावत आली. तिने सासूला मांडीवर घेतलं, रात्रभर थोपटलं. स्वयंपाकघरात उभी राहून येणाऱ्यांसाठी पाव कापला. अल्बिनास बेकरीतून अजून कसा आला नाही, म्हणून कुणाला तरी निरोप घेऊन पाठवलंसुद्धा. सणाची गर्दी असेल, असं कुणीतरी म्हणालं.

सकाळच्या गाडीने काका उतरले. दारावर काळं कापड पाहिलं. त्यांना वाटलं, आई गेली. ते आत शिरले.

आईने त्यांना पाहिलं आणि ती हसली. पळत येऊन तिने त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "देवा, तुझे उपकार," ती म्हणाली. "देवा, माझा आला. माझा आला."

मोर्ता स्वयंपाकघराच्या दारात सुरी घेऊन उभी होती. तिने काकांच्या पायांकडे पाहिलं. त्यांच्या पायात अल्बिनासचे बूट होते.

ती पेटीजवळ गेली. झाकण तिने एकटीने उचललं, कुणी मदत केली नाही. तिने प्रेताची बाही वर सारली. मनगटाच्या वर भट्टीच्या पत्र्याने भाजल्याच्या तीन रेघा होत्या. त्यातली एक तिने स्वतः आठवड्यापूर्वी लोणी लावून बांधली होती.

यातलं बरंचसं मला माझ्या आईकडून कळलं. ती तेव्हा दहा वर्षांची होती आणि त्या खोलीत होती. काकांनी एवढंच सांगितलं, "मी शिरलो तेव्हा ती पाव कापत होती. माझ्या मरणाचा पाव."

कंपनीने काही मानलं नाही. चारशे सतरा म्हणजे एस. ग्रिगोनिस, तो मेला, वहीत लिहिलं गेलं. अल्बिनास नावाचा माणूस त्यांच्याकडे कामालाच नव्हता. वाद घातला तर लबाडीचा खटला होईल, असं बजावलं. मोर्ताला काही मिळालं नाही. बेकरीवाल्याने तिला नवऱ्याच्या जागी भट्टीवर ठेवलं. तेवीस वर्षांची होती ती.

ती काकांशी पुन्हा एक शब्द बोलली नाही. समोरासमोर घरं, मध्ये गाडीवाट. हिवाळ्यात काका पहाटे उठून तिच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढायचे. ती दार उघडायची, झाडूने तो बर्फ पुन्हा पायऱ्यांवर लोटायची आणि मग स्वतः काढायची. हे मी लहानपणापासून पाहिलं. गावात त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं होतं.

पुढच्या नोव्हेंबरात काका पुन्हा खेळायला उभे राहिले. "दुसरं काय येत होतं मला?" ते म्हणायचे. त्या पहिल्याच सामन्याला मोर्ता आली. काळ्या कपड्यांत, एकटी. बरोबर टोपलीच्या मागे जाळीला चिकटून उभी राहिली. फाऊल झाला. काका रेषेवर गेले. समोर टोपली आणि तिच्याखाली मोर्ताचा चेहरा.

"मग?"

"मग काय. आत गेला." ते पुढे म्हणाले, "चुकला असता तर बरं झालं असतं रे."

आणखी सहा-सात हिवाळे ते खेळले. मग नियम बदलला. हॅगर्टीने स्टेशनवर सगळ्यांना सांगितलं की आता ज्याला लागलं तोच टाकणार.

"आणि मी?" काकांनी विचारलं.

"तू पळू शकतोस का, सिल्वे?"

दोघंही हसले म्हणे. त्यानंतर काका एका लहान संघाकडून दोन सामने खेळले. मी विचारलं, किती फाऊल मिळाले? म्हणाले, "एकही नाही. मला कोण कशाला ढकलेल? मी कुणाच्या वाटेतच येत नव्हतो."

मग खाण. सात नंबरमध्ये ते मेलेले होते, म्हणून डोंगरापलीकडच्या खाणीत गेले. वीस वर्षं. हात शाबूत राहिले, छाती गेली. लग्न केलं नाही. आई गेल्यावर त्या घरात एकटेच राहिले.

या फेब्रुवारीत झिगमास तळघरात आला. तो कामगार संघटनेचा चिटणीस, आणि मोठा बोलघेवडा. सात नंबरची खाण कायमची बंद झाली, तेव्हा संघटनेने चर्चसमोर शिळा उभारायची ठरवली होती. त्या खाणीत गेलेल्या सगळ्यांची नावं कोरायची. यादी कंपनीच्या वहीवरून उतरवली होती.

"काका, अभिनंदन," झिगमास म्हणाला. "तुम्ही मेलात. हे बघा, एकशे बारावा. निदान शिळेवर तरी आपला माणूस फुकटात चढला."

काका हसले नाहीत. त्यांनी कागद घेतला आणि यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग पुन्हा वाचली.

"अल्बिनास नाही," ते म्हणाले.

"वहीत नाही ना."

"माझं खोड. त्याचं लिही."

झिगमास गंभीर झाला. असं खोडता येत नाही, तो म्हणाला. समितीला कागद लागेल. काय घडलं ते काकांच्या सहीने, वकिलाला कळेल असं, इंग्रजीत. आणि त्यावर विधवेची सही, की हे मला मान्य आहे. "मोर्ताबाईची सही, काका. तुम्ही आणाल?"

तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचेना. मार्चमध्ये त्यांना अंथरूण धरावं लागलं. डॉक्टर म्हणाला, ईस्टरपर्यंत. शिळेवर अल्बिनास यावा, एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती. खरं तर दोन. दुसरी मला कागद लिहिताना कळली.

मी त्यांच्या पलंगाशी बसून लिहीत होतो. बिल्ला, बूट, दारूभट्टीची भिंत. ते लिथुआनियनमध्ये सांगत, मी इंग्रजीत उतरवत होतो. शेवटी मी म्हणालो, "झालं. सही करा."

"नाही झालं. लिही. आदल्या दिवशी मी खाली होतो. छत बोलत होतं."

खाणवाले असंच म्हणतात. आधाराचे खांब कुरकुरतात, वरून बारीक माती गळते. छत बोलतं.

"दोन खांब वाकले होते," ते म्हणाले. "उंदीर निघून गेले होते. मला कळलं होतं. सकाळी भिंतीमागे मी त्याला सांगितलं नाही."

मी लिहायचं थांबलो.

"सांगितलं असतं तर तो गेला नसता. तो गेला नसता तर माझा दुसरा खाडा. जागा गेली असती. मला वाटलं, एक दिवस टिकेल. उद्या मी स्वतः नवे खांब लावीन." त्यांना धाप लागली. "बूट बदलताना त्याने विचारलं, सगळं ठीक ना? मी म्हणालो, ठीक."

"काका, नाव बदलायला हे लागत नाही."

"मला लागतं. तिला कळायला लागतं. लिही, मास्तर."

मी लिहिलं. शेवटच्या ओळीत. त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मोर्तामावशींकडे गेलो. त्यांनी मला बसवलं, बटाट्याचा कुगेलिस खायला दिला. मी कागद काढला. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. मी एकेक वाक्य लिथुआनियनमध्ये सांगत गेलो. त्या टेबलाकडे बघत ऐकत होत्या. "शपथ घेतली होती त्याने," मध्येच एकदा म्हणाल्या. "तरी जायचा. माझ्याशी खोटं बोलून जायचा. म्हणून मी त्याच्यासाठी धड रडलेसुद्धा नाही."

मी शेवटच्या ओळीपाशी आलो. ती वाचली नाही.

त्यांनी सही केली. नाव गिरवून लिहिलं. मग उठल्या, चुलीवरचं भांडं फडक्यात बांधलं आणि म्हणाल्या, "चल."

गाडीवाट त्यांनी तेहतीस वर्षांनी ओलांडली. काका त्यांना बघून उठू लागले.

"निज," त्या म्हणाल्या. "ही काय तुझी दाढी! मेलेल्यांच्या यादीत आहेस म्हणून मेलेल्यासारखं दिसायलाच हवं का?"

काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या चमच्याने त्यांना बीटाचं आंबट सूप भरवत होत्या. चार दिवस तसंच चाललं. त्या सकाळ-संध्याकाळ यायच्या. त्यांना रागवायच्या, उशा बदलायच्या, अल्बिनासच्या गोष्टी सांगायच्या. तो पिठाचे घोडे कसे करायचा. झोपेत कसा बोलायचा. काका ऐकत राहायचे. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, मी बरोबर केलं.

पाचव्या दिवशी, मंगळवारी, त्या सूप भरवता भरवता म्हणाल्या, "जाऊ दे रे, सिल्वेस्त्रास. तुला तरी काय ठाऊक होतं? छत काय सांगून पडतं?"

काकांनी तोंड मिटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीपाशी उभा होतो. मी मान खाली घातली.

त्यांना तिथेच थांबता आलं असतं. मी मनात म्हणत होतो, थांबा. एक दिवसच उरलाय, फार तर दोन.

"मोर्ता," ते म्हणाले. "सांगितलं होतं छताने. मला सांगितलं होतं. आदल्या दिवशी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. खांब, माती, उंदीर. एकेका शब्दाला श्वास घेत. "त्याने विचारलं, ठीक ना. मी म्हणालो, ठीक."

मोर्तामावशींच्या हातात चमचा तसाच होता. त्यांनी तो भांड्यात ठेवला. "किती खांब?" त्यांनी विचारलं.

"दोन."

त्यांनी भांड्यावर झाकण ठेवलं. ते अर्धं भरलेलं होतं. फडक्याच्या गाठी बांधल्या, शाल घेतली आणि निघून गेल्या. दार त्यांनी आपटलं नाही.

काका छताकडे बघत होते. मग म्हणाले, "वाचलं नाहीस."

"नाही."

"माझंच चुकलं. मी स्वतः जायला हवं होतं. तुला पाठवलं." आणि पुढे म्हणाले, "मी नेहमी कुणाला तरी पाठवतो."

बुधवारी सकाळी ते गेले.

दफनाला बारा माणसं होती. हॅगर्टीचा मुलगा आला होता. मोर्तामावशी आल्या नाहीत. झिगमासने कागद समितीत शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग घडी घालून म्हणाला, "मंजूर. सोमवारी कोरणारा येतोय." त्याने विनोद केला नाही.

काल मी मावशींकडे गेलो. त्या मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होत्या. मी म्हणालो, तुम्हाला सही मागे घ्यायची असेल तर अजून दोन दिवस आहेत.

"मागे कशाला घेऊ? अल्बिनासचं नाव आहे ते. त्याने काय केलंय?"

मी उभा राहिलो.

"तुला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"माझं खाल्लंस, माझ्यासमोर वाचलंस, आणि तेवढंच गाळलंस."

"हो."

"त्याच्यासाठी की माझ्यासाठी?"

"मला ठाऊक नाही, मावशी."

त्यांनी बादलीतून दुसरी चादर काढली. "चार दिवस मी त्याला माफ केलं होतं. तेहतीस वर्षांनी. आणि कशाबद्दल करतेय तेच मला माहीत नव्हतं. आता ते परत मागू कुणाकडे? तो तर गेला."  मग हळू म्हणाल्या, "आणि त्याने सांगितलं नसतं, तर मी त्याच्या दफनाला रडत गेले असते."

चादर जड होती. त्यांना एकटीला पिळता येईना.

"उभा काय राहिलास," त्या म्हणाल्या. "ते टोक धर."

मी धरलं. त्या एका बाजूने पिळत होत्या, मी दुसऱ्या. पाणी आमच्या दोघांच्या बुटांवर पडत होतं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.